शॉवर बेस बसवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाणे-डोंबिवली आणि पुणे पट्ट्यात राहत्या फ्लॅटमधल्या बाथरूम नव्यानं करून देतो. लोक फोनवर, साइटवर आणि काम संपल्यावर जिन्यात थांबवून जे विचारतात, तेच इथे लिहिलंय. ज्या प्रश्नावर जास्त घोळ होतात, त्याचं उत्तर लांबलंय.

शॉवर बेस म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे तर सगळी बाथरूमच ओली असते.

चाळीतली मोरी आठवा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वीतभर कठडा, आत कडप्पा किंवा शहाबादी फरशी, एका बाजूला ढाळ आणि ढाळाच्या टोकाला भोक. कितीही पाणी ओता, ते कठड्याबाहेर येत नसे. शॉवर बेस म्हणजे तीच मोरी, फक्त भोवती काच लावलेली. त्याचं काम एकच: अंगावरून पडलेलं सगळं पाणी एका भोकाकडे नेणं आणि वाटेत कुठेही मुरू न देणं.

हा बेस दोन प्रकारे होतो. एक, कारखान्यातून आलेला तयार ट्रे: ॲक्रिलिकचा, सिरॅमिकचा किंवा दगडाची भुकटी आणि रेझिन मिळून केलेला. दुसरा, गवंड्यानं जागेवर बांधलेला: वॉटरप्रूफिंग, त्यावर ढाळ दिलेला कोबा, वर फरशी आणि कडेला ग्रॅनाइटची पट्टी.

मग ट्रे घ्यावा की फरशीचा बेस करून घ्यावा?

तयार ट्रे खरा लागतो तो लाकडी जमिनीच्या घरांत. तिथे बाथरूमच्या जमिनीवर पाणी पडणं हाच अपघात असतो, म्हणून पाणी धरायला भांडं लागतं. आपल्याकडे खाली काँक्रीटचा स्लॅब आहे, जमिनीला आधीच ढाळ आहे आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे निकासाच्या भोकाखाली थोडं पाणी धरून वास अडवणारा भाग, आहे. त्यामुळे दहातल्या सात-आठ घरांना आम्ही फरशीचाच बेस सुचवतो. तो हव्या त्या मापाचा होतो, बादली आपटली तरी चालते आणि एखादी फरशी फुटली तर तेवढीच बदलता येते.

ट्रेची बाजूही सांगतो. त्यात सांधे नसतात, त्यामुळे ग्राउट (फरशीच्या सांध्यांत भरायचा माल) काळं पडायचा प्रश्न नाही. ढाळ कारखान्यातच दिलेला असतो, गवंड्याच्या हातावर अवलंबून राहावं लागत नाही. काम लवकर उरकतं. कोपऱ्यात ३ बाय ३ फुटांची चौकोनी जागा मोकळी असेल आणि निकास सोयीच्या ठिकाणी असेल तर ट्रे छान बसतो. मात्र 'हॉटेलात पाहिला होता' एवढ्याच कारणासाठी घेऊ नका.

आमच्या बाथरूममुळे खालच्यांच्या छताला ओल आली आहे. ट्रे बसवला की थांबेल ना?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. ट्रे हे ओलीवरचं झाकण नाही. ओल कुठून येते ते न शोधता वर ट्रे ठेवला, तर गळती तशीच राहते आणि ती शोधायची वाट मात्र बंद होते.

आधी गळती कसली आहे ते ओळखा. खालच्या छतावरचा डाग कायम ओला राहत असेल, तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी वाढत असेल, तर बहुधा भिंतीतली किंवा जमिनीतली पाण्याची लाइन गळते आहे, कारण तिच्यात दाब सतत असतो. गावाला जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाहा. डाग सुकायला लागला तर चोर सापडला. आंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांत डाग गडद होत असेल तर निकासाची लाइन किंवा ट्रॅपचा सांधा बघा. आणि आज वापर थांबवला तरी आठवडा-आठवडा थेंब चालूच राहत असतील, तर संकमध्ये पाणी साठलं आहे.

संक म्हणजे बाथरूमखालचा खोलगट केलेला स्लॅब. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि माल भरतात. वरच्या फरशीच्या सांध्यांतून वर्षानुवर्षं थोडंथोडं झिरपलेलं पाणी त्या भरावात भिजत पडतं. हे भरलेलं पोतंच म्हणा ना. त्याच्यावर कितीही महाग ट्रे ठेवला तरी पोतं गळतच राहणार. अशा वेळी भराव काढून स्लॅबपर्यंत जाणं आणि तळापासून वॉटरप्रूफिंग करणं, याला दुसरा इलाज आम्हाला तरी सापडलेला नाही. फरशीच्या सांध्यांत रसायन भरून काही महिने ओल थांबते, कधी वर्षभरही. भाड्यानं दिलेल्या घरात लोक तेवढंच करून घेतात, ते आम्ही समजू शकतो. पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

ट्रे बसायला खाली किती खोली लागते?

ट्रेच्या भोकाखाली ट्रॅप येतो. शॉवरसाठी मिळणारा बुटका ट्रॅप धरला तरी खाली ३ ते ४ इंच जागा हवी, शिवाय तिथून डक्टपर्यंत, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेपर्यंत, जाणाऱ्या पाइपला ढाळ हवा. जुन्या इमारतींमध्ये संक फूट-दीड फूट खोल असतो, तिथे अडचण नाही. अलीकडच्या इमारतींमध्ये पाइप स्लॅबखालून, म्हणजे खालच्या फ्लॅटच्या फॉल्स सीलिंगच्या वरून जातात आणि संक जेमतेम दोन-चार इंचांचा असतो. मग ट्रे ओट्यावर चढवावा लागतो आणि आंघोळीला जाताना ५-६ इंचांची पायरी चढावी लागते. साबणाच्या पायानं ती पायरी उतरणं कसं वाटेल, याचा विचार ट्रेची ऑर्डर देण्याआधी करा.

आमची इमारत माइवानची आहे. काही वेगळं लक्षात ठेवायचं?

हो. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या या इमारतींमध्ये बाथरूमच्या भिंतीही बऱ्याचदा काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारतीचा भार घेतात. डायव्हर्टर (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारी कळ) किंवा पाइप लपवण्यासाठी त्यात झऱ्या, म्हणजे खाचा, मारणं, सळ्या कापणं म्हणजे खांबाला घाव घालण्यासारखंच आहे. अशा भिंतीला हात न लावता समोर ३-४ इंचांची हलक्या ब्लॉकची खोटी भिंत उभी करतात आणि पाइप तिच्यात घेतात. बाथरूम तेवढी अरुंद होते, म्हणून बेसचं माप त्यानंतर ठरवा. निकासाची जागा बदलायची तर स्लॅबला नवं भोक पाडावं लागतं आणि सांधा खालच्यांच्या छतात येतो. त्यांच्या आणि सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊच नका.

माप कसं घ्यायचं? दुकानदार '९०० चा घ्या' म्हणाला.

९०० म्हणजे ९०० मिलिमीटर, साधारण ३ फुटांना अर्धा इंच कमी. बाजारात ८०० बाय ८००, ९०० बाय ९००, १२०० बाय ८०० अशी मापं सहज मिळतात. मोठा माणूस आत वाकून पाय धुऊ शकेल असा बेस हवा असेल तर ९०० च्या खाली जाऊ नये. ८०० मध्ये कोपर काचेला लागतं.

माप घेताना दोन चुका होतात. पहिली, जुन्या फरशीपासून फरशीपर्यंत माप घेतात. ट्रे गिलाव्याला टेकतो आणि भिंतीची फरशी त्याच्या काठावर उतरते, म्हणून माप गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत हवं. जुनी फरशी निघाल्याशिवाय ते कळत नाही. फरशी आणि चिकटवायचा माल मिळून दर बाजूला अर्धा इंच सहज जातो. दुसरी चूक, एकाच जागी टेप लावतात. खाली, कमरेला आणि डोक्याजवळ असं तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान आकडा धरा. कोपरा काटकोनात आहे का ते गुण्यानं बघा, नाहीतर ३-४-५ नं: एका भिंतीवर ३ फुटांची खूण, दुसरीवर ४ फुटांची, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं पाहिजे. जुन्या बांधकामात ते क्वचितच भरतं. फरक अर्ध्या इंचापर्यंत असेल तर गिलाव्यात दुरुस्त होतो.

वॉटरप्रूफिंग नेमकं कसं झालं पाहिजे? ठेकेदार म्हणतो 'आम्ही केमिकल मारतो'.

केमिकल मारणं म्हणजे काय ते उभं राहून बघा, कारण सगळ्या कामाचा जीव यातच आहे. फरशी लागल्यावर आतलं काही दिसत नाही.

तोडफोड संपली की स्लॅब झाडून, धुऊन साफ करायचा. धुळीवर मारलेला कोट पापुद्र्यासारखा निघतो. स्लॅबमधल्या भेगा आणि पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून आरपार जातो ती जागा खरवडून न आकसणाऱ्या मालानं भरायची. गळणाऱ्या बाथरूममध्ये निम्म्या वेळा दोष याच पाइपच्या गळ्याशी निघतो, जमिनीच्या मधोमध नाही.

मग जमीन आणि भिंत मिळते तिथे वाटा करायचा. काटकोनी कोपऱ्यात कोट चिरतो, म्हणून सिमेंट-वाळूचा गोलसर भराव देतात, त्याला गवंडी वाटा म्हणतात. वाट्यावर आणि पाइपभोवती फायबरच्या जाळीची पट्टी कोटात बसवायची. त्यानंतर सिमेंट आणि पॉलिमरचं दोन घटकांचं मिश्रण ब्रशनं दोन हातांत लावायचं. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा. पहिला हात ओला असतानाच दुसरा मारून 'झालं बघा साहेब' म्हणणारे खूप आहेत. भिंतीवर हा कोट सगळीकडे किमान फूटभर आणि शॉवरच्या दोन्ही भिंतींवर शॉवरच्या उंचीपर्यंत, म्हणजे साडेसहा-सात फूट हवा.

संक खोल असेल तर कोट तळाच्या स्लॅबवर एकदा आणि भराव झाल्यावर वरच्या कोब्यावर पुन्हा एकदा, असा दोनदा करा. आणि एक छोटी गोष्ट आवर्जून करून घ्या: संकच्या तळातून डक्टमध्ये उघडणारा एक बारीक पाइप ठेवा. पुढे कधी आत पाणी शिरलंच तर ते खालच्यांच्या छताऐवजी डक्टमध्ये थेंब-थेंब पडेल आणि तुम्हाला कळेल.

हे सगळं पावसाळ्यात करायचं असेल तर सुकायला दुप्पट वेळ धरा. जुलै महिन्यात ठाण्यात भिंत सुकण्याची वाट बघणं हा संयमाचाच खेळ आहे.

पाणी भरून बघतात ती चाचणी किती दिवसांची?

कोट पक्का झाल्यावर, साधारण दोन-तीन दिवसांनी, निकासाला बूच मारून जमिनीवर दीड-दोन इंच पाणी भरायचं. दारात विटा आणि मालाचा तात्पुरता बांध घालायचा. पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलनं रेघ मारा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. कमीत कमी ४८ तास ठेवा, ७२ ठेवलेत तर उत्तम. वाफ होऊन दोन-चार मिलिमीटर उतरलं तर घाबरू नका. खालच्या घरात जाऊन छत स्वतः बघा, खालच्यांचा निरोप यायची वाट बघू नका. चाचणी फरशी लागण्याआधी झाली पाहिजे. फरशी लावून मग पाणी भरण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा दोष सापडला तरी पुन्हा सगळं तोडावं लागतं. घाईत असलेला ठेकेदार इथेच २४ तासांवर उरकायला बघतो.

ढाळ किती द्यावा?

शॉवरखाली एका फुटाला पाव इंच. ३ फुटांच्या बेसला पाऊण इंच होतो. बाकीच्या कोरड्या भागाला त्याच्या निम्मा पुरे. यापेक्षा जास्त दिला तर उभं राहताना पाय ताणल्यासारखे होतात आणि ओल्या फरशीवर घसरायला होतं. कमी दिला तर कोपऱ्यात डबकं राहतं. फरशी लावताना मध्येच एक मग पाणी ओतून बघा, किंवा गोटी सोडा. ती जाळीपर्यंत स्वतःहून गेली पाहिजे.

चौकोनी जाळी बेसच्या मध्यावर असेल तर फरशी चारही बाजूंनी उतरवावी लागते आणि तिरके काप येतात. २ बाय २ फुटांच्या मोठ्या फरशा अशा ठिकाणी बसत नाहीत, एक तरी कोपरा उचलतो. बेससाठी १ फुटी किंवा त्याहून लहान, खरखरीत फरशी घ्या. मोठीच फरशी हवी असेल तर भिंतीलगत लांबट जाळी टाका म्हणजे ढाळ एकाच दिशेला येतो.

तयार ट्रे बसवण्याची पद्धत काय?

आधी ट्रे कोरडाच जागेवर ठेवून बघायचा: भोक ट्रॅपवर बरोबर येतं का, काठ भिंतीला सगळीकडे टेकतो का. मग ट्रॅप जोडून, पाणी सोडून सांधा गळत नाही ना ते तपासायचं. हे ट्रे बसल्यावर तपासता येत नाही, आणि तरीही बहुतेक जण तेव्हाच तपासतात.

त्यानंतर जमिनीवर १ ला ४ किंवा १ ला ५ असा सिमेंट-वाळूचा जरा घट्ट माल इंचभर पसरायचा आणि ट्रे त्यावर दाबून बसवायचा. चार कोपऱ्यांत चार ढिगारे ठेवून वर ट्रे टेकवायची पद्धत चुकीची आहे. मधे पोकळी राहते, त्यावर माणूस उभा राहिला की ट्रे किंचित लवतो, आवाज करतो आणि वर्षभरात भोकाजवळ तडकतो. पायांवर उभा राहणारा ट्रे असेल तर त्याच्यासोबत आलेल्या कागदाप्रमाणे करा.

ट्रे पाणसळीवर दोन्ही दिशांना अगदी सपाट बसला पाहिजे. ढाळ त्याच्या पोटात आहे, म्हणून ट्रेला वेगळा ढाळ द्यायचा नाही. आम्ही एका घरी गेलो होतो तिथे आधीच्या गवंड्यानं चांगुलपणानं ट्रेलाही ढाळ दिला होता. भोक एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला, अशी गत झाली होती.

एक दिवस ट्रेवर पाय ठेवू नका. पुढे भिंतीचं काम होईस्तोवर त्यावर पुठ्ठा आणि जाड प्लॅस्टिक अंथरून ठेवा. ॲक्रिलिकवर वाळूचा कण पायाखाली घासला की ओरखडा कायमचा. भिंतीची फरशी ट्रेच्या काठावर उतरवायची, पण टेकवायची नाही. मधे ३-४ मिलिमीटरची फट ठेवायची आणि ती ग्राउटनं न भरता सिलिकॉननं भरायची.

प्लंबर म्हणतो, ट्रेचा पाइप जुन्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडून देऊ. चालेल का?

नाही. नुसता सोडलेला पाइप म्हणजे बंद न केलेला सांधा. जाळी अडली की पाणी उलटं येऊन ट्रेखाली पसरतं आणि तुम्हाला दिसतही नाही. शिवाय ट्रेला स्वतःचा ट्रॅप आणि खाली नहाणी ट्रॅप, असे दोन ट्रॅप एकापाठोपाठ आले की मधे हवा अडकते. पाणी सावकाश जातं आणि गुडगुड आवाज येतो. ट्रॅप एकच ठेवा. त्यात ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, पाणी उभं राहिलं पाहिजे. डक्टमधला वास आणि झुरळं तेवढंच पाणी अडवतं. पुढचा पाइप रबर रिंग किंवा सॉल्व्हंटनं पक्का जोडा. आणि ट्रॅप वरून हातानं साफ करता येईल असाच घ्या.

सिलिकॉन सहा महिन्यांत काळं पडलं. माल खराब होता का?

कधी कधी. पण जास्त वेळा ते ओल्या पृष्ठभागावर लावलेलं असतं. बाथरूमसाठीचं, बुरशी रोखणारं सिलिकॉन घ्या. ग्रॅनाइट किंवा संगमरवराला लागणार असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगडावर डाग पाडतं.

लावताना एक युक्ती: ट्रेमध्ये दोन-तीन पाण्यानं भरलेल्या बादल्या ठेवा किंवा कुणाला तरी उभं करा. वजनानं फट जितकी उघडायची तितकी उघडू द्या आणि त्याच स्थितीत सिलिकॉन भरा. रिकाम्या ट्रेवर भरलं तर पहिल्याच आंघोळीला ते ताणलं जाऊन एका बाजूनं सुटतं. मग २४ तास पाणी नाही.

काच कधी मोजायची आणि कुठे बसवायची?

फरशी लागून झाल्यावरच. काच टफन केलेली असते, भट्टीतून निघाल्यावर ती कापता किंवा छिद्र पाडता येत नाही, त्यामुळे अर्धा इंच चूक म्हणजे नवी काच. घरात ८ मिलिमीटर जाडी पुरते. फरशीच्या बेसवर काच ग्रॅनाइटच्या पट्टीवर येते, त्या पट्टीला आतल्या बाजूला जरा कल हवा, नाहीतर काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेर येतं. पट्टीत खालून ड्रिल मारू देऊ नका. पाच दिवस खपून केलेलं वॉटरप्रूफिंग एका स्क्रूनं फुटतं. खाली चॅनेल सिलिकॉननं चिकटवा, स्क्रू फक्त भिंतीत.

घरात ७५ वर्षांचे वडील आहेत. काय करावं?

ट्रे नको, पट्टीही नको. शॉवरचा भाग बाकीच्या जमिनीपेक्षा खाली न टाकता एकसंध ढाळानं उतरवा आणि भिंतीलगत लांबट जाळी द्या. काचेऐवजी पडदा चालेल; काच लावलीच तर एकच स्थिर पल्ला, दार नको. पकडायचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि तो फरशीवर चिकटवलेला नको, भिंतीत अँकरनं बसवलेला हवा. माणूस घसरताना पूर्ण वजन त्याच्यावर टाकतो. बसायला भिंतीतून निघणारा ओटा बांधण्यापेक्षा चांगला जड स्टूल ठेवा, हवा तसा सरकवता येतो. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असेल तर आत कुणी पडलं तरी उघडता येतं. तसं दार शक्य नसेल तर निदान बाहेरून उघडणारी कडी लावा.

आम्ही बादलीनंच आंघोळ करतो. मग बेस लागतोच का?

लागतो, आणि मोठा लागतो. शॉवरचं पाणी एका धारेनं येतं, मगानं ओतलेलं चहूकडे उडतं. बादली, मग, बसायला पाट आणि माणूस मिळून ३ फुटांचा चौकोन अपुरा पडतो. बादलीवाल्यांनी ३ बाय ४ फूट धरावं, नळ बेसच्या आतच घ्यावा. काच घालायचीच तर दोन फुटांचा एक पल्ला पुरे.

ॲक्रिलिकच्या ट्रेमध्ये लोखंडी कडीची बादली आपटू नका. आणि दिवाळीत अभ्यंगस्नानाला तेल लावून त्या गुळगुळीत ट्रेवर पाय ठेवताना जपा. आधी रबरी चटई टाका. उटण्याचा गाळ तेलाबरोबर ट्रॅपमध्ये बसून घट्ट होतो. भाऊबीजेनंतर जाळी काढून गरम पाणी सोडलंत तर पाहुणे गेल्यावर तुंबणार नाही.

शॉवर मोठा घेतला, पण धार बारीक येते. बेसशी याचा संबंध आहे का?

नाही. तुम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर असाल. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरच्या जेमतेम ३-४ मीटर वर असेल तर तुमच्या वाट्याला त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास येतो. मोठ्या थाळीच्या शॉवरला तो पुरत नाही. पंप बसवा किंवा साधा शॉवर ठेवा.

सोसायटीची परवानगी लागते का? गळती झाली तर खर्च कुणाचा?

काम सुरू करण्याआधी सेक्रेटरींना लेखी कळवा, कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठे टाकायचा ते विचारून घ्या. खालच्यांनाही आधीच सांगा. त्यांच्या छताचा कामाआधीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असला की पुढचे वाद निम्मे होतात.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा असतो. बाहेरच्या सामाईक पाइपची किंवा ड्रेनेज लाइनची गळती मात्र संस्थेनं दुरुस्त करायची असते. इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ लक्षात ठेवा: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण ताबा मिळताच तुम्ही स्वतः बाथरूम फोडली, तर दोष त्याचा की तुमचा हा वाद तो घालणारच. तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये गळती असेल तर आधी लेखी तक्रार, हातोडा नंतर.

एकूण किती दिवस लागतात? ठेकेदार पाच दिवसांत देतो म्हणतो.

संकपर्यंत तोडायचं असेल तर पाच दिवसांत होत नाही. तोडफोड आणि राडारोडा दोन दिवस, पाइप आणि त्यांची दाबाची चाचणी एक-दोन दिवस, वॉटरप्रूफिंग आणि सुकणं तीन-चार, पाणी भरणं दोन-तीन, भराव आणि कोबा, वरचा कोट, मग फरशी, ग्राउट, फिटिंग. अडीच ते तीन आठवडे धरा. काच त्यानंतर आठ-दहा दिवसांनी येते. पाच दिवसांत देणारा माणूस चाचणी गाळतोय, एवढं समजून चाला. घरात एकच बाथरूम असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, तीन आठवडे फार असतात.

जुनी फरशी न तोडता तिच्यावरच बेस केला तर?

फरशीवर फरशी लावण्याचा खास माल मिळतो आणि जुनं वॉटरप्रूफिंग शाबूत असेल तर ते काम टिकतं. पण जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. दाराशी उंबरा आहे का बघा, नाहीतर पाणी बेडरूममध्ये. जुनी फरशी ठोकून बघा, पोकळ वाजली तर तिच्यावर काहीच करू नका.

पांढरे डाग जात नाहीत. ॲसिड वापरू का?

ट्रेवर अजिबात नको, ग्राउटवरही नको. बोअरवेल आणि टँकरच्या जड पाण्याचा तो क्षार आहे. ॲक्रिलिकवर आणि फरशीवर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर दहा मिनिटं ठेवून मऊ फडक्यानं पुसा. संगमरवरावर व्हिनेगर आणि लिंबूही नको, तिथे साधा सौम्य साबण. काचेवर आंघोळीनंतर रबरी वायपर फिरवायची सवय घरच्यांना लागली तर डाग पडतच नाहीत. आमच्या घरी लागली नाही.

मुलगा अमेरिकेत घर घेतोय. तिथेही हेच नियम?

पाणी तेच, घर वेगळं. तिथे जमीन बहुधा लाकडी तुळयांवर असते, त्यामुळे ट्रे किंवा पॅन खरोखर गरजेचं असतं आणि पाणी मुरलं तर लाकूड कुजतं. तिथल्या निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत शॉवरच्या आतलं क्षेत्र कमीत कमी ९०० चौरस इंच, म्हणजे ३० बाय ३० इंच, सांगितलं आहे. ढाळ आपल्यासारखाच, फुटाला पाव इंच. त्यानं स्थानिक परवाना काढून मगच काम सुरू करावं.

वास्तुशास्त्राप्रमाणे निकास ईशान्येला हवा असं सांगितलंय. करता येईल का?

डक्ट कुठे आहे ते आधी बघू. डक्ट ईशान्येला असेल तर आनंदच आहे. नसेल आणि त्यासाठी पाइप बाथरूमभर फिरवायचा असेल, तर दर वळणाला एक सांधा आणि दर सांध्याला गळतीची एक जागा वाढते. अशा वेळी आम्ही गुरुजींना फोन लावून द्यायला सांगतो. आजवर दोघांनी तरी 'आहे तिथेच राहू द्या' असं सांगितलंय.